बघ्यांमधून पुढे कोण येतं: बाई की पुरुष?

गच्चीवरची (धागाकर्ती)

रस्त्यात कुणाला मारहाण चाललीय, कुणाची पर्स हिसकावली जातेय आणि भोवती दहा-पंधरा बघे. त्यांच्यातून पुढे कोण होतं? शेजारच्या धाग्यावर एकाने 'बायका नुसत्या किंचाळतात, धावतो पुरुषच' असं ठोकून दिलं. त्यावर 'पुरुष फोन काढून शूटिंग करतात, जवळ जाऊन विचारपूस बाईच करते' असं उत्तर आलं. मग दोनशे प्रतिसाद नुसती धुळवड. विदा (डेटा) कुणाकडेच नाही.

म्हणून हा वेगळा धागा. 'परवाच माझ्यासमोर' छापाचे किस्से नकोत, ते तिकडे पोत्याने आहेत. मोजून पाहिलेलं काय आहे, ते मोजलं कसं, आणि मधे पडणाऱ्याने त्यातून काय उचलावं, एवढंच. माझा अंदाज आधीच सांगून टाकते: पुरुष जास्त पुढे येत असावेत, आणि त्याचं कारण धैर्य नसून देहयष्टी असावं. खोडून काढा.

नाकासमोर

रुमाल टाकून ठेवतो. खोडायला माणसं येतीलच.

सांख्यिक

अंदाजाचा पहिला भाग मोजमापात दिसतो, पण वाटतो तेवढा ठळक नाही. ॲलिस ईगली आणि मॉरीन क्राउली यांनी १९८६ साली तोवरचे मदतीवरचे अभ्यास एकत्र करून मेटा-विश्लेषण केलं. पुरुष जास्त मदत करतात आणि बायकांना जास्त मदत मिळते, अशा दोन्ही गोष्टी निघाल्या. फरकाचा आकार ०.३४. म्हणजे दोन्ही गटांच्या सरासऱ्यांतलं अंतर प्रमाण विचलनाच्या एक तृतीयांश. सोपं करून सांगायचं तर, कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई अशा १०० जोड्या उचलल्या, तर साधारण ६० जोड्यांत पुरुषाचं पारडं जड निघेल आणि ४० जोड्यांत बाईचं. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असतेच.

त्या सरासरीपेक्षा तिच्या पोटातली तफावत जास्त बोलकी आहे. लोक बघत असतील, बाईला जिवाची भीती वाटण्यासारखा प्रसंग असेल, मदत कुणी मागितलेली नसून आपणहून करायची असेल, तिथे फरक फुगतो. कुणी जवळ येऊन सरळ मागितली की आक्रसतो. आणखी एक गोष्ट लेखिकांनी स्वतःच नोंदवली आहे: हे जवळजवळ सगळे अभ्यास अनोळखी माणसाला दोन-पाच मिनिटांत करायच्या मदतीचे आहेत. आजारी माणसाचं वर्षभर करणं, मैत्रिणीच्या पाठीशी उभं राहणं, हे त्यात नाहीच. ज्या प्रकारची मदत पुरुषांच्या वाट्याला घातली गेलीय, तीच मोजली गेली.

रातराणी

याच जातीचा एक जुना अभ्यास: लाताने आणि डॅब्ज, १९७५. लिफ्टमध्ये मुद्दाम नाणी किंवा पेन्सिली सांडायच्या आणि कोण वाकतं ते पाहायचं. कोलंबस, सिएटल आणि अटलांटा अशी तीन शहरं, सांडणारे १४५ जण, १,४९७ वेळा सांडासांड आणि ४,८१३ बघे. तिन्हीकडे पुरुष जास्त वाकले, बायकांसाठी जास्त वाकले, पण सगळ्यात मोठी दरी अटलांटात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत. देहयष्टी हे कारण असतं तर ही दरी शहरागणिक बदलली नसती. पेन्सिल उचलायला दंड लागत नाहीत. हा स्त्रीदाक्षिण्याचा रिवाज आहे आणि रिवाज गावोगावी वेगळा.

शून्यप्रहर

@रातराणी, पेन्सिल सांडणं हा गुन्हा कधीपासून झाला? धागा गुन्ह्यावर आहे. चाकू हातात असलेल्या माणसापुढे जाणं आणि लिफ्टमध्ये वाकणं एका तराजूत घालू नका.

रातराणी

बरं. मग चाकूवाला विदा तुम्ही द्या.

शून्यप्रहर

देतो. हस्टन आणि सहकारी, १९८१. प्रयोग नव्हे, खऱ्या गुन्ह्यांत खरोखर मधे पडलेली माणसं: बँकेवरचे दरोडे, शस्त्र दाखवून लूट, रस्त्यावरची लुबाडणूक. अशा ३२ जणांच्या मुलाखती घेऊन त्यांची तुलना मधे न पडलेल्यांशी केली. पुढे आलेले लोक उंच होते, वजनाने भारी होते, आणि त्यांच्यात प्रथमोपचार, जीवरक्षण किंवा पोलिसी कामाचं प्रशिक्षण घेतलेले जास्त होते. स्वतःला ते 'ताकदवान' आणि 'आक्रमक' म्हणवत होते. मी इतरांपेक्षा दयाळू आहे म्हणून गेलो, असा सूर नव्हता.

तेव्हा धागाकर्तीचा अंदाज गुन्ह्यापुरता निम्मा बरोबर. देहयष्टी आहे, पण तिच्या जोडीला शिकवण आहे. उंची वाढवता येत नाही, शिकवण देता येते.

कावळेकाका

पण मुळात कुणी येतं का हो? न्यूयॉर्कमधल्या त्या किटी जेनोवीजच्या खुनात ३८ जण खिडकीत उभे राहून बघत होते आणि एकही हलला नाही. बाई नाही, बाप्या नाही. तिथे समानता दिसली म्हणायची!

तळटीप

काका, ती ३८ जणांची गोष्ट आता पाठ्यपुस्तकांतून काढायची वेळ झालीय. घटना १३ मार्च १९६४ची, क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सची. आकडा वर्तमानपत्राने छापला आणि तोच चिकटला. मॅनिंग, लीव्हाइन आणि कॉलिन्स यांनी २००७ साली कागदपत्रं तपासून दाखवलं, की ३८ जण सगळा प्रकार पाहत होते याला पुरावाच नाही. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एका पुरुषाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या दाराच्या आत, जिन्यापाशी झाला. तो बहुतेकांना दिसणंच शक्य नव्हतं.

आणि या धाग्याच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. जिन्याच्या वरच्या एका पुरुषाने दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. एक शेजारीण मात्र, हल्लेखोर गेलाय की तिथेच आहे हे माहीत नसताना, खाली धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला धरून बसली. 'कुणीच आलं नाही' म्हणून जगभर शिकवल्या गेलेल्या प्रसंगात बाई आली होती. गोष्टीत तिला जागा मिळाली नाही.

कावळेकाका

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). (लाजून.)

सांख्यिक

त्या घटनेनंतरचा डार्ली-लाताने यांचा १९६८चा प्रयोगही बघून घ्या, कारण त्यात स्त्री-पुरुष फरक शोधला होता आणि सापडला नव्हता. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं फक्त इंटरकॉमवर. बोलता बोलता एकाला झटका येतो (ते आधी ध्वनिमुद्रित केलेलं). आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तेव्हा ६२ टक्के, आणखी चार ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. ऐकणारी मुलगी की मुलगा, याने फारसा फरक पडला नाही. पण नमुन्यात ५९ मुली आणि १३ मुलगे होते, तेव्हा 'फरक नाही' हे विधान तेरा खांद्यांवर उभं आहे.

दुसरं, तिथे धोका नव्हता. हल्लेखोर नाही, अंगाला हात लावायचा नाही, उठून बाहेर सांगायचं एवढंच. अशा मदतीत दरी मिटते.

शून्यप्रहर

याच्या उलट टोकाला भुयारी रेल्वेचा प्रयोग, पिलियाविन आणि मंडळी, १९६९, न्यूयॉर्क. डब्यात एक माणूस कोसळतो. कधी हातात काठी, कधी अंगाला दारूचा वास. १०३ फेऱ्या. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा आपणहून मदत मिळाली, दारुड्याला ३८ पैकी १९ वेळा. जवळपासच्या प्रवाशांत पुरुष साधारण ६० टक्के, पण पहिला उठणारा ९० टक्के वेळा पुरुष. डब्यातल्या बायका काय बोलल्या तेही टिपलंय: हे पुरुषांचं काम, माझ्यात तेवढी ताकद असती तर केली असती, अशा अर्थाचं. इच्छा नव्हती असं नाही. कोसळलेल्या पुरुषाला उचलणं हे काम त्यांनी आपल्या यादीत धरलंच नव्हतं.

भोपळेसूत्र

म्हणजे 'ताई, तुम्ही राहू द्या, मी बघतो' हे वाक्य दोन्ही बाजूंना पाठ असतं.

मोजपट्टी

प्रयोग पुरे झाले, आता सीसीटीव्ही कॅमेऱ्यांतली खरी भांडणं बघू. या पद्धतीचं कोडिंग (चित्रण पाहून प्रत्येकाच्या कृती नोंदवणं) कसं चालतं ते जरा विस्ताराने लिहिते, कारण फरक कुठे दिसतो आणि कुठे हरवतो हे त्याशिवाय कळत नाही.

भांडणाचं चित्रण घ्यायचं. सुरुवात आणि शेवट कुठे धरायचा ते ठरवायचं. चौकटीतल्या प्रत्येक माणसाला क्रमांक द्यायचा आणि एकेकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळं पाहायचं. दहा माणसं असतील तर तेच चित्रण दहा वेळा. मग कृतींच्या खुणा: हाताने 'शांत हो' सांगणं, दंडाला हलका स्पर्श, दोघांच्या मधे उभं राहणं, एकाला कवेत धरणं, ढकलून किंवा ओढून लांब नेणं, मार खाल्लेल्याचं सांत्वन करणं, त्याला उठवणं, बसवणं. तेच चित्रण दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे कोड करायचं आणि दोघांचं किती जुळतं ते काढायचं. जुळत नसेल तर व्याख्या नीट करून परत पहिल्यापासून.

फिलपॉट, लीबस्ट, लीव्हाइन, बर्नास्को आणि लिंडेगार्ड यांनी ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकस्टर इथली अशी २१९ भांडणं तपासली. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक बघ्या मधे पडला होता. माणसं जितकी जास्त तितकी कुणीतरी मधे पडण्याची शक्यताही जास्त. कावळेकाकांच्या 'मुळात कुणी येतं का' याचं उत्तर हे.

याच गोतावळ्यातल्या दुकानांतल्या दरोड्यांच्या चित्रणावरच्या अभ्यासात, दरोडेखोर गेल्यावर पीडिताला जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं हे कोण करतं ते पाहिलं. तिथे बायका पुढे. आणि बाई की पुरुष यापेक्षाही मोठं कारण म्हणजे ओळख. पीडिताला आधीपासून ओळखणारा माणूस जवळ जातो, अनोळखी लांब राहतो.

आता हरवतं काय? अशा कॅमेऱ्यांना सहसा आवाज नसतो. ओरडून हल्लेखोराचं लक्ष तोडणं मोजलं जात नाही. फोन कानाला लावलेला दिसतो, पण तो मदतीसाठी आहे की घरी, हे कळत नाही. आत जाऊन पहारेकऱ्याला बोलावून आणणारी व्यक्ती चौकटीबाहेर जाते, तिच्यापुढे 'निघून गेली' अशी नोंद होते. कुणी कुठल्या रीतीने मदत केली यावर मोजणीत येणं ठरतं. दोन हात घालणारा नेहमी चौकटीत असतो.

गच्चीवरची

मोजपट्टी, 'निघून गेली' वाली नोंद वाचून थांबले. म्हणजे मूळ भांडणातली दोन्ही विधानं ('धावतो पुरुषच', 'विचारपूस बाईच करते') एकाच प्रसंगाच्या दोन टप्प्यांबद्दल होती?

मोजपट्टी

बरीचशी. हल्ला चालू असतानाची मदत आणि हल्ला संपल्यावरची मदत या दोन वेगळ्या रकान्यांत टाकल्या की तिकडचे निम्मे प्रतिसाद गळून पडतात.

सांख्यिक

बेकर आणि ईगली यांनी २००४ साली 'शौर्य' हाच शब्द असा रकान्यांत फोडला होता. अमेरिकेत १९०४ पासून दिल्या जाणाऱ्या कार्नेगी शौर्यपदकांत बायका साधारण ९ टक्के. पण त्या पदकाची अटच अशी, की दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा जीव धोक्यात घातला पाहिजे: आग, बुडणं, हल्ला. तेच नाझी राजवटीत ज्यूंना घरात लपवणाऱ्यांची नोंद पाहिली, तर बायका पुरुषांच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे. पकडलं गेल्यास जीवही जाऊ शकत होता, फक्त आगीत-पाण्यात झडप घालणं नव्हतं. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका निम्म्याहून जास्त. धोका पत्करण्याची तयारी बायकांत कमी असते, असं यातून निघत नाही.

शून्यप्रहर

मूत्रपिंडावर असहमत. तिथे घरच्यांचा दबाव असू शकतो, त्याला शौर्य म्हणणं ही दिशाभूल आहे. ज्यूंचं उदाहरण मान्य.

कावळेकाका

आणि बाई मार खात असेल तर? तिथे तरी पुरुष तुटून पडतात ना?

तळटीप

तिथे सगळ्यात मोठा घोटाळा आहे. शॉटलंड आणि स्ट्रॉ, १९७६. नाट्य असं: एक पुरुष एका बाईशी झटापट करतोय, ती ओरडतेय. निम्म्या वेळा ती म्हणते, 'मी तुला ओळखत नाही.' उरलेल्या वेळा, 'तुझ्याशी लग्नच का केलं मी!' बाकी सगळं तेच. पहिल्या प्रकारात ६५ टक्के बघे मधे पडले, दुसऱ्यात १९ टक्के. एका वाक्याने तीन पट फरक. शिवाय दोघांचं नातं काय ते सांगितलंच नाही, तर बघे सहसा ते जोडपंच आहे असं धरून चालतात.

म्हणून स्वसंरक्षणाच्या वर्गांत शिकवतात, की नुसतं 'वाचवा' ओरडू नका. 'मी याला ओळखत नाही, हा अनोळखी आहे' हे दोन-तीनदा स्पष्ट ओरडा. बघ्याच्या डोक्यातला 'घरचं भांडण' हा कप्पा बंद झाला पाहिजे.

भोपळेसूत्र

आणि मारणारा खरोखर नवरा असेल तर बाईने काय ओरडायचं?

तळटीप

तेच तर दुखणं आहे. तिच्याकडे वाक्यच नाही. तिथे बदलायचं ते बघ्याने: नातं काय हे न ठरवता इजा होतेय की नाही एवढंच पाहायचं. आणि त्या वेळी मारणाऱ्याला सुनवायचं नाही. घरी गेल्यावर तो राग तिच्यावर निघतो. दार वाजवून काहीतरी फालतू विचारणं, पाण्याची मोटर चालू आहे का, एवढंही पुष्कळदा हात थांबवतं. नंतर ती एकटी असताना तिला काय हवंय ते विचारायचं.

रातराणी

पुरुष पीडितांचंही लिहा कुणीतरी. ईगली-क्राउली यांच्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग सगळे गिळतात. बायकांना जास्त मदत मिळते याचा अर्थ पुरुषांना कमी मिळते. दोन पुरुष तिसऱ्याला बडवत असतील तर बघ्यांना ती 'मारामारी' दिसते, 'हल्ला' नाही. बाई पुरुषाला मारत असेल तर हशा. पुरुषाने 'वाचवा' म्हणायचं नसतं हा रिवाज, त्यामुळे तो म्हणतही नाही.

सांख्यिक

+१. आणि एक अवांतर, पण याच धाग्यातलं. स्त्रीदाक्षिण्याचा नियम एका ठिकाणी उलटा पडतो. अमेरिकेतल्या हृदय बंद पडण्याच्या घटनांवर ब्लूअर आणि सहकाऱ्यांचा २०१८चा अभ्यास आहे. सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना बघ्यांकडून सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा उपचार) मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. छातीवर हात ठेवायचा म्हटलं की बघे कचरतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मारहाणीत जखमी झालेल्या बाईच्या बाबतीतही ही अडचण येऊ शकते. रक्त थांबवायला दाब द्यायचा तर हात लावावाच लागतो.

वाचनमात्र

इतकी वर्षं फक्त वाचत होतो, पण तिसऱ्या मुद्द्यावर (मधे पडणाऱ्याने काय उचलावं) कुणी नीट लिहीत नाहीये. बघ्यांचं प्रशिक्षण घेताना जे घोटून घेतो तेच लिहितो.

पहिल्यांदा शस्त्र शोधायचं. चेहरा नाही, हात बघायचे. एखादा हात खिशात किंवा पाठीमागे असेल तर शस्त्र आहे असं धरा. शस्त्र असेल तर जवळ जायचं नाही, बाई असा नाहीतर पहिलवान. लांबून आवाज, दिवे, फोन.

फोनवर आधी जागा सांगायची, मग बाकी. बोलणं मधेच तुटलं तरी जागा पोहोचलेली असते. 'अमुक चौक, पुलाच्या खालची बाजू, दोन पुरुष एकाला मारताहेत, एकाच्या हातात रॉड, जखमी जमिनीवर, हालतोय.' एवढं पंधरा सेकंदांत होतं. लोक सुरुवात 'अहो, इथे काहीतरी भयंकर चाललंय' अशी करतात आणि अर्धं मिनिट घालवतात.

गर्दीला कधीही 'कुणीतरी फोन करा' म्हणू नका. कुणीतरी म्हणजे कुणीच नाही. बोट दाखवून 'निळा शर्ट, तुम्ही फोन करा. ताई, तुम्ही पहारेकऱ्याला आणा.' मोरियार्टीचा १९७५चा समुद्रकिनाऱ्यावरचा प्रयोग याच जातीचा: शेजारच्याला 'जरा सामानाकडे बघा' असं आधी सांगितलं असेल तर रेडिओ चोरणाऱ्याला ९५ टक्के लोकांनी अडवलं, असं सांगितलं नसेल तर २० टक्के. ०.३४च्या दरीपुढे हा डोंगर आहे.

शस्त्र नसेल आणि जायचंच असेल तर पाठीमागून जाऊ नका. हल्लेखोर दचकून फिरतो आणि पहिला फटका तुम्हाला. बाजूने, त्याला दिसेल असं, दोन हातांच्या अंतरावर थांबा. अंग तिरकं, तळवे छातीच्या उंचीवर उघडे. त्याला पळायला एक बाजू मोकळी ठेवा. भिंत आणि तुमच्यामध्ये कोंडलेला माणूस लढतोच. बोलायचं ते पीडिताशी, हल्लेखोराशी नाही: 'अगं, तू इथे? चल, सगळे थांबलेत.' छेडछाडीत हे खोटं ओळखीचं नाटक उत्तम चालतं, आणि ते पुरुषापेक्षा बाईने केलं तर जास्त खपतं. पुरुष आला की हल्लेखोराला आव्हान वाटतं, प्रकरण मानापमानावर जातं. इथे बाई असणं हीच सोय.

शून्यप्रहर

शेवटचं वाक्य सरसकट नको. दारूच्या नशेत बाईवरही हात टाकतात.

वाचनमात्र

टाकतात, म्हणून अंतर तेच ठेवायचं. मी सोय म्हटलं, कवच नाही.

मोजपट्टी

एकट्या बाईपेक्षा दोघी-तिघींनी जाणं याला मोजमापाचाही आधार आहे. लीव्हाइन आणि क्राउदर, २००८: अनोळखी बघ्यांचा गट मोठा झाला की मदत घटते, पण गट मैत्रीचा असेल तर वाढते. बघे आणि पीडित यांना आपण एकाच गटातले आहोत असं वाटलं, बायका-बायका म्हणून सुद्धा, तरी गट वाढल्याने मदत वाढते. फिशर आणि मंडळींच्या २०११च्या मेटा-विश्लेषणात याची दुसरी बाजू आहे. प्रसंग धोक्याचा असेल, हल्लेखोर समोरच असेल, तर गर्दीने येणारी निष्क्रियता कमी होते. भोवतीचे बघे सगळे पुरुष असतील तरीही कमी होते. त्यांचं स्पष्टीकरण असं, की गरज पडली तर शेजारचा हात देईल एवढी खात्री असली की माणूस पुढे होतो. तेव्हा कुठल्या बघ्याच्या अंगात किती ताकद आहे यापेक्षा, त्याला शेजारी किती ताकद उभी आहे असं वाटतं, हे बघा.

नाकासमोर

म्हणजे बाई पुढे होत नाही कारण तिला वाटतं मागे कुणी नाही, आणि पुरुष पुढे होतो कारण त्याला वाटतं मागे सगळे आहेत. मागे वळून दोघांनीही पाहिलेलं नसतं.

भोपळेसूत्र

नाकासमोर साहेबांनी रुमालाची जागा वसूल केली.

गच्चीवरची

माझ्या अंदाजाची आता अशी दुरुस्ती करते: हल्ला चालू असताना, अनोळखी माणसासाठी, अंगाने मधे पडणाऱ्यांत पुरुष जास्त. कारण देहयष्टी, शिकवण आणि रिवाज, तिन्ही. धोका नसेल किंवा कुणी थेट मागितलं असेल तर फरक बारीक. हल्ल्यानंतर जवळ जाण्यात बायका पुढे. एवढं तिकडच्या धाग्यावर चिकटवू का?

शून्यप्रहर

चिकटवा. 'ओळख असेल तर हे सगळं बाजूला' हेही जोडा.

कावळेकाका

हल्ल्यानंतर जवळ जाऊन करायचं काय, ते राहिलं की. वाचनमात्र?

वाचनमात्र

राहिलं खरं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून थेट जखमेवर तळव्याने घट्ट दाबायची, आणि थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. भिजली तर तिच्यावरच दुसरी घडी. आत काही रुतलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीने दाबायचं. पुरुष असाल आणि पीडित बाई असेल तर आधी नाव सांगा, तिच्या उंचीला बसा, 'मी इथे दाब देतोय' असं बोलून मग हात लावा. शक्य असेल तर एखाद्या बाईला शेजारी बसवा, पण ती येईपर्यंत दाब थांबवू नका. 'या वेळेला इथे काय करत होतीस' हा प्रश्न कुणीच विचारायचा नाही. 'कुणाला फोन लावू?' हा विचारायचा.

आणि जे पाहिलं ते तिथेच, आपापसात न बोलता, प्रत्येकाने वेगळं लिहायचं. गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या अभ्यासात एकमेकांशी चर्चा केलेल्या साक्षीदारांपैकी ७१ टक्के जणांच्या जबाबात स्वतः न पाहिलेला निदान एक तपशील शिरला होता. चित्रण केलं असेल तर ते पीडिताला किंवा पोलिसांना द्यायचं, पीडिताला न विचारता गटांवर टाकायचं नाही.

तळटीप

लिहिताना हल्लेखोराच्या शर्टाकडे कमी, बुटांकडे जास्त लक्ष द्या. शर्ट वाटेत काढून टाकता येतो.